योगिताला आणायला मी पारोळ्याला गेले

धुळे, शुक्रवार

"एवढ्या लांब कशाला जातीस? फोन कर की," असं आमच्या पेठेत जो-तो मला सांगत होता. फोनवर माणूस येत असतं तर लग्नाच्या अक्षता घेऊन दारोदार कोण फिरलं असतं? मी पिशवी भरली आणि निघाले.

मी कोल्हापूरची. फुटबॉल म्हणजे काय हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. पेठेपेठेचे संघ, त्यांची भांडणं, मॅचच्या दिवशी बंद होणारी दुकानं, यातच मी वाढले आणि पुढं भारताच्या संघातून मधल्या फळीत खेळले. आता खेळणं संपलंय. यंदा पेठेतल्या मंडळानं मुलींचा संघ काढायचं ठरवलं आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून माझं नाव पुकारलं. मी लगेच हो म्हणाले. मी स्वतःवर खूश असणारी बाई आहे, उगाच आढेवेढे घेत नाही. फक्त एक अट घातली की मदतीला मला योगिता पाहिजे.

ही योगिता पारोळ्याजवळच्या एका गावातली. भारताच्या संघात मधल्या फळीत आम्ही दोघी शेजारी-शेजारी खेळायचो. मी पुढं जायचे, ती मागं राहून समोरच्याच्या पायातला चेंडू काढायची आणि माझ्याकडं सरकवायची. गुडघा गेल्यावर ती खेळातून बाहेर पडली आणि सरळ गावी निघून गेली. गेले काही महिने मी फोनवर तिच्या मागं लागले होते. ती नाही म्हणत नव्हती आणि होही म्हणत नव्हती. प्रत्येक वेळी "बघू" म्हणून गायींची चौकशी करायची. माझ्याकडं एकही गाय नाही, हे तिला पक्कं माहीत आहे.

तेव्हा श्रावणातल्या एका शुक्रवारी सकाळी मी धुळ्यात उतरले. रात्रभराच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, शेजारची बाई खूप घोरत होती एवढंच. पांझरा नदीला बऱ्यापैकी पाणी होतं. रस्ते आमच्यापेक्षा सरळ आणि रुंद, रिक्षावाले मात्र आमच्याइतकेच वाकडे.

योगिताला पहिल्यांदा मैदानावर उभं करणारे क्रीडाशिक्षक इथंच राहतात. निवृत्त झालेत, पण शिट्टी अजून खिशात असते. त्यांनी मला जेवायला एका हॉटेलात नेलं आणि शेवभाजी मागवली. "तिखट चालेल ना?" असं त्यांनी विचारल्यावर मला हसू आलं. कोल्हापूरच्या माणसाला हे विचारायचं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारण्यासारखं. मी कमी तिखट नको, नेहमीचीच आणा, असं वेटरला ठणकावून सांगितलं. आमचा तांबडा रस्सा दिसायला तिखट असतो आणि खाताना समजूतदार निघतो. या भाजीचं उलटं आहे. काळ्या मसाल्याचा तो रस्सा दिसायला साधा, पण तिसऱ्या घासाला माझ्या कानातून धूर निघायचा बाकी राहिला. सरांनी ताकाचा पेला माझ्याकडं सरकवला.

योगिता त्यांच्याकडं आली ती खो-खोची खेळाडू म्हणून. तालुक्याच्या संघाबरोबर धुळ्याला आली होती. शेजारच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉलच्या मॅचला एक मुलगी कमी पडत होती, म्हणून सरांनी हिला ढकललं. नियम माहीत नाहीत, पायात बूट नाहीत. पण खो-खोत पळता-पळता दिशा बदलायची सवय असल्यामुळं ही कुणाच्या हाती लागेना आणि जिच्या पायात चेंडू तिला ही सोडेना. मॅच संपल्यावर तिनं सरांना विचारलं, हा खेळ रोज असतो का? त्यानंतर सरकारी क्रीडा वसतिगृह, मग राज्याचा संघ, मग भारताचा. सर सांगत होते आणि त्यांची भाजी गार होत होती.

माझं काम ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. तिचे वडील नाहीत, घरात शब्द चालतो तो नानांचा, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाचा. ते हो म्हणाले तर सगळं सोपं होईल, असं त्यांचं मत पडलं. मी मनात म्हटलं, एक म्हातारा माणूस ना? बघून घेऊ. बोलणाऱ्याचे कुळीथही खपतात, आणि मला बोलायला कोण शिकवणार!

पारोळा, शनिवार

धुळ्याहून पारोळ्याला जाताना दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. आमच्याकडं ऊस माणसाला चारी बाजूंनी कोंडून टाकतो. इथं नजर लांबवर जाते आणि मध्ये कुठं अडत नाही. मला हे फार आवडलं. मैदानही असंच पाहिजे.

पारोळ्याचा किल्ला डोंगरावर नाही, भर गावात आहे. पन्हाळा चढून ज्यांचे पाय घडलेत त्यांना हा किल्ला म्हणजे आयतं ताट वाटेल. भोवतीच्या बाजारात मात्र त्या दिवशी किल्ल्याकडं बघायला कुणालाच सवड नव्हती. नारळ, नथी, खण, फुलं, सगळीकडं झुंबड. दुसऱ्या दिवशी कानबाई होती.

कानबाई हा खानदेशाचा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला देवी म्हणून सजवतात, नथ घालतात, डोळे लावतात आणि चौरंगावर बसवतात. सुरतेला, मुंबईला पोटासाठी गेलेली माणसं आमच्याकडं दिवाळीला येतात तशी इथं या सणाला परत येतात. माझ्यासारखी चतुर बाई याच मुहूर्तावर का आली, असं कुणी विचारेल. सगळं घर एका जागी सापडेल, असा माझा डाव होता.

पारोळ्याहून वडापच्या जीपनं योगिताच्या गावी पोचले. योगिता घरी नव्हती. "चक्कीवर शे," असं एका बाईनं सांगितलं. गावातली पिठाची गिरणी योगिता चालवते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. फोनवर एवढं बोलूनही हे कधी निघालं नाही. माझ्याकडं बोलण्यासारखं नेहमीच पुष्कळ असतं, त्यामुळं असेल.

गिरणीपुढं अर्धं गाव उभं होतं. कानबाईच्या रोटाचं दळण होतं ते. रोट म्हणजे त्या दिवशीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या. त्याचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजतात, एकेकाला सव्वा मूठ. गिरणी आधी धुऊन काढतात. एका घराचं पीठ दुसऱ्या घराच्या पिठात जाता कामा नये, म्हणून प्रत्येक दळण झालं की गिरणीचं तोंड, दळायची दगडी पाळी आणि डबा सगळं झाडून पुसून घ्यायचं. हे सगळं योगिता एकटी करत होती. डोक्याला फडकं, भुवया पांढऱ्या. तिनं मला बघितलं, हसली आणि हातानंच थांब म्हणाली. मग पुन्हा रांगेकडं वळली.

मी एका पोत्यावर बसून बघत राहिले. मागच्या बायका पुढं घुसू बघत होत्या, दोन म्हातारे हुज्जत घालत होते, एकीचा डबा दुसरीनं उचलला होता. योगिताचं प्रत्येकाकडं लक्ष. "पहिले आबानं पीठ, मंग तुमनं. घाई करशात ते पीठ मिसळी जाई." आवाज चढवला नाही, पण म्हातारे गप्प झाले. खेळतानाही ती असंच बोलायची आणि तेही अहिराणीत. "मांगे देख," असं ती ओरडली की मणिपूरच्या, हरियाणाच्या मुलीसुद्धा मान वळवून मागं बघायच्या. समोरच्या संघाला काही कळायचं नाही. प्रशिक्षक बाहेरून घसा फोडून सांगत, आम्ही मात्र योगिताचं ऐकायचो.

भारताकडून तिनं एकही गोल केला नाही. तिचं कामच ते नव्हतं. पण वर्तमानपत्रात छापायला गोल लागतो. माझे फोटो आमच्या घराच्या भिंतीवर मावत नाहीत आणि तिचा एक फोटो शोधायचा तर संघाच्या फोटोत दुसऱ्या रांगेत बघावं लागतं. एकदा परदेशात आम्ही शेवटपर्यंत एका गोलनं पुढं होतो, तेव्हा उत्तरार्धात तिनं इतके चेंडू काढले की त्यांची कर्णधार मॅचनंतर येऊन फक्त तिच्याशी हात मिळवून गेली. गोल माझा होता. मला जरा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी नानांची गाठ पडली. सडपातळ, पांढरी टोपी, दोन शब्दांच्या मध्ये भरपूर जागा सोडून बोलणारे. मी सगळी तयारी करून गेले होते. पगार, राहायची सोय, मुलींचं भलं, गावाचं नाव, असं एकामागून एक मांडत गेले. नानांनी ऐकून घेतलं आणि त्यांनी टीव्हीवर बघितलेल्या तिच्या एकुलत्या एका मॅचचं सांगायला लागले.

"किती गोल करात असं लोके इचारतस. माले माहीत नही. मी बॉल देखाच नही, हाई पोरच देखी. ती एक घडी उभी राहिनी नही."

एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, तिनं जायला माझी ना नाही, फक्त कानबाईला दरवर्षी घरी यायला पाहिजे. त्याचं कारणही कळलं. तिच्या वडिलांच्या माघारी या भावाच्या वाटणीत पुरुष उरला नाही, म्हणजे रोटाची मूठही उरली नाही. नाना त्या वर्षापासून योगिताच्या नावानं सव्वा मूठ मोजतात. भाऊबंदांत कुरकूर झाली. ती देशाच्या नावानं खेळली, मग घरच्या नावानं मूठ का नाही, असं नानांनी विचारलं आणि विषय मिटला.

श्रावणात कोल्हापुरात पावसानं मैदानाचा तलाव झालेला असतो, तेव्हा नानांची अट मी जागच्या जागी मान्य केली. योगिताच्या आईलाही मी वळवलं. आई गिरणी बघेल, दळणाला पुतण्याची बायको मदत करेल, असं ठरलं. झोपताना मी फार खुशीत होते. एका संध्याकाळीत सगळा किल्ला सर केला होता. योगिताला सांगितलं तर ती म्हणाली, "बघू."

गावात, रविवार

सकाळपासून घरात उपास. आरती झाल्याशिवाय कुणी काही खात नव्हतं. गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, पुरणपोळी, सगळ्याचा वास घरभर फिरत होता. आमच्या घरी देव फार थांबवत नाहीत. नैवेद्य दाखवला की पहिला घास माझ्या तोंडात असतो आणि कुणी प्रसाद नको म्हटलं तर ते देवाचा अपमान करतंय असं आम्ही समजतो. मी दिवसभर पोटाला समजावत राहिले.

आरती झाली. बायका गाणी म्हणायला बसल्या. मी पाणी प्यायला आत गेले, तर फडक्याखाली एक परात होती. नैवेद्य दाखवून झाला होता, प्रसाद न मागता घ्यायचा असतो हे मी लहानपणापासून शिकलेले. एक जाड पोळी उचलली, तुपाचा हात फिरलेला होता, आणि उभ्यानंच खाल्ली. फार चांगली लागली. दुसरी उचलणार एवढ्यात योगिताची आई दारात दिसली. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"बाई, हाऊ रोट शे," ती हळू आवाजात म्हणाली.

मग तिनंच समजावलं, तेव्हा मला कळलं. रोट फक्त त्या कुळाच्या भाऊबंदांनी खायचा. परक्याला तो देत नाहीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा चालत नाही. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच तो संपवायचा. आणि मी कोल्हापूरची, परक्या घरची, परक्या कुळाची, ओठाला तूप लावून उभी.

बाहेरची गाणी थांबली. बातमीला पाय लागत नाहीत म्हणतात, ती माझ्याआधी ओसरीवर गेली होती. कुणी रागावलं नाही, पण सगळे घाबरले होते, ते मला जास्त लागलं. देवीचं काही बरं-वाईट होईल या धाकानं एक म्हातारी सारखे हात जोडत होती. आयुष्यात मला बोलायला शब्द कमी पडले नाहीत, त्या दिवशी पडले. सगळे नानांकडं बघत होते. नाना चौरंगावरच्या देवीकडं बघत राहिले.

"आते तिनी खाई टाका," ते शेवटी म्हणाले. "मंग ती पाव्हणी नही. आपली भाऊबंद व्हयनी. पुढला सालले तिन्हा नावनी बी मूठ मोजनी पडी."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले आणि त्या म्हातारीनं माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. मला रडू आलं. योगिताच्या आईनं माझ्यापुढं पान मांडलं आणि त्यात आणखी एक रोट वाढला.

मी जेवत असताना योगिता शेजारी येऊन बसली. या घरची एक रीत मला तोवर माहीत नव्हती. दारी आलेल्या पाहुण्याला, त्यातून कानबाईच्या दिवसांत, तोंडावर नाही म्हणत नाहीत. घरच्याला म्हणतात.

"शुभे, आते तू घरनी शे, म्हणून सांगस," ती म्हणाली. "तू नानाले इचारं, मायले इचारं. माले इचारंच नही. मी येवाव नही."

मी घास पानात ठेवला. मी सगळं घर जिंकलं होतं आणि जिला न्यायला आले होते तिलाच विचारायचं राहिलं होतं.

नदीवर, सोमवार

दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाईला नदीवर पोचवायला सगळं गाव निघालं. ढोल, गुलाल, फुगड्या. माझ्याबरोबर फुगडी घालायला रांग लागली, कारण रोट खाल्लेली कोल्हापूरची बाई म्हणून मी आता गावभर झाले होते. चार फुगड्यांनंतर मी धापा टाकत काठावर बसले. योगिता तिथं पाय पाण्यात सोडून बसली होती.

मी तिला सरळ विचारलं. तुला यायचंय का, आणि यायचं नसेल तर का नाही?

तिनं पाण्यात पाय हलवले. मग म्हणाली, यायचंय. मैदान रोज आठवतं. गिरणी सुरू केली की तो आवाज प्रेक्षकांचा आहे असं कधीकधी वाटतं. पण मदतनीस म्हणून यायचं नाही.

"मी चेंडू काढायचा आणि तुला द्यायचा, हे खेळताना बरोबर होतं. ते माझं काम होतं आणि मला आवडायचं. पण संघ मी चालवायचे, शुभा. तुलाही माहीत आहे. मुख्य मी होणार. तू माझ्या हाताखाली येशील का?"

मला हे लागलं. फार लागलं. मंडळानं माझं नाव पुकारलं होतं, फलकावर रंगवायला दिलं होतं. हिला शिकवायला कोण ओळखतंय आमच्या पेठेत? दुसरी कुणी असती तर मी तिला तिथंच सुनावलं असतं. पण शनिवारी गिरणीपुढची ती रांग मी डोळ्यांनी बघितली होती आणि आमच्या संघात कुणाचा आवाज ऐकून मुली जागा घ्यायच्या, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आणखी एक गोष्ट होती. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

"येईन," मी म्हणाले. "पण मी गप्प बसणार नाही."

"ते मी शिकवेन," ती म्हणाली.

कोल्हापूर, आता

मंडळाच्या अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. नाव बदलायचं म्हणजे फलक पुन्हा रंगवायचा आणि भारताकडून गोल करणारी बाई सोडून गोल न करणारीच्या हाती संघ द्यायचा, हे त्यांच्या गळी उतरेना. मी दोन तास बोलले, शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. बोलण्याचा उपयोग होतो, तो असा.

पाऊस ओसरल्यावर योगिता आली. एक पिशवी, गुडघ्याचा पट्टा आणि आईनं दिलेला काळा मसाला. पहिल्या दिवशी सकाळी पोरी मैदानावर रांगेत उभ्या होत्या. बऱ्याच जणी माझ्याकडंच बघत होत्या. त्यांच्या घरी माझे फोटो आहेत. मी सवयीनं पुढं झाले, घसा साफ केला आणि "पोरींनो" म्हणून सुरुवात केली.

"शुभांगी," योगिता मागून शांतपणे म्हणाली, "तू रांगेत उभी राहा."

पोरी हसतील असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. मी जाऊन शेवटच्या पोरीच्या शेजारी उभी राहिले. योगिता पुढं आली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि बोलायला लागली, आणि पहिल्यांदाच एका अख्ख्या संघाची तोंडं तिच्याकडं होती.